मसाईचे ढग की गुऱ्हाळाचा धूर?

कृष्णधवल निसर्गचित्राच्या स्पर्धेला एकच फोटो पाठवायचा म्हटलं, की कोल्हापूरकराच्या हार्डडिस्कमध्ये चाळून चाळून शेवटी दोनच उरतात. एक पावसाळ्यातला, एक थंडीतला. पावसाळ्यातला मसाई पठारावरचा नाहीतर गगनबावड्याकडचा: वर ढगांची दंगल, खाली एखादं एकटं झाड. थंडीतला पंचगंगेच्या काठचा, रंकाळ्याचा किंवा गुऱ्हाळाच्या धुराचा: धुकं, धूर, पाणी आणि फारसं काही नाही. रंगीत विभाग असता तर विचारायचं कामच नव्हतं, पावसाळाच जिंकला असता. कृष्णधवलसाठी मात्र मी या दोघांत चांगले दोन आठवडे अडकलो होतो. तुम्हीही तिथंच अडकला असाल तर माझा हिशेब तुमच्यापुढं मांडतो. पटलं तर घ्या.

पठाराचा फोटो जुलैतला. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे मोहिमा निघतात त्या वाटेवर हे पठार लागतं. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दीच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निसटले ते याच बाजूनं. आम्ही चौघं मात्र आरामात गाडीनं गेलो होतो. छत्री उलटी झाली, लेन्स पुसून पुसून रुमाल ओला झाला, आणि दहा मिनिटं पाऊस थांबला तेवढ्यात हे झाड मिळालं. वाऱ्यानं एका अंगाला कललेलं, पुढं साचलेल्या पाण्याचा तुकडा, मागं ढगांची भिंत. त्या दिवशीचा गारठा, परतताना पन्हाळ्यावर खाल्लेली झुणका-भाकरी, सगळं त्या फोटोला चिकटलंय. परीक्षकाला त्यातला झुणका दिसत नाही, ही पहिली अडचण.

दुसरा फोटो डिसेंबरातला, सकाळी सातच्या सुमाराचा. केर्लीतून जोतिबाचा घाट चढायला लागलं की गाडी बाजूला घेऊन मागं वळून बघा. खाली सगळी ऊसपट्टी, तुरे आलेले. गुऱ्हाळं पहाटेपासून पेटलेली असतात. चुलवाणात चिपाड पडत राहतं, धुराडं सरळ वर धूर सोडतं, आणि ठरावीक उंचीवर गेला की तो धूर छताला टेकल्यासारखा आडवा होतो. जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर, त्यामुळं धुराला पुढं वाट नसते. माझ्या फोटोत तीन धुराडी आहेत, तीन उभे धूर, आणि वर तिघांची मिळून एकच लांब पट्टी. तोड झालेल्या एका शेताचा चौकोन तेवढा फिकट, पाचटामुळं. एवढंच. घरी दाखवला तेव्हा कुणी 'वा' म्हणालं नाही.

आता दोघांचे रंग काढून बघू.

पठाराची निम्मी मजा हिरव्यात असते, हे मला रंग काढल्यावर कळलं. करड्यात रूपांतर करताना हिरव्याला 59, तांबड्याला 30 आणि निळ्याला 11 टक्के वजन द्यायचं, असा एक जुना प्रघात आहे. माझ्या सॉफ्टवेअरनं नेमकं काय केलं ते त्यालाच ठाऊक, पण ओला जांभा आणि ओलं गवत, डोळ्यांना इतके वेगळे दिसणारे दोघं, एकाच करड्यात जाऊन बसले. खालचा अर्धा फोटो घोंगडीसारखा झाला. तांबड्याचा स्लायडर वर ढकलून जांभा उजळून बघितला, तर कापडावर ब्लीच सांडल्यासारखे डाग उठले. तिथंच थांबलो.

धुराच्या फोटोला रंग काढल्याचा पत्ताच लागला नाही. सकाळच्या उन्हाची थोडी पिवळसर झाक होती, ती गेली. बाकी तो मुळातच कृष्णधवल होता, फक्त रंगीत कॅमेऱ्यानं काढलेला.

तरीही मी पठाराच्याच बाजूनं होतो. ढगांसाठी. आणि त्या ढगांनीच घात केला.

आकाश गडद करायचं तर तांबडा फिल्टर, हे आपण सगळे ऐकत आलोय. पण तांबडा फिल्टर निळं आकाश गडद करतो. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर निळ्यावर कापसाचे पुंजके असतात तेव्हा तो जादू करतो (तेव्हाही निळ्याचा स्लायडर फार खाली ओढला की आकाशात रव्यासारखे दाणे उठतात, हे आहेच). जुलैच्या आकाशात निळं असतं कुठं? करड्यावर करडं. फिल्टर तांबडा लावा नाहीतर हिरवा, ढग तसेच राहतात. मग उरतो एकच मार्ग: क्लॅरिटी आणि डीहेझ हे कॉन्ट्रास्ट वाढवणारे स्लायडर, आणि सॉफ्टवेअरमधला ब्रश घेऊन आकाशाचा एकेक भाग दाबत जाणं. मी तेच केलं. ढग असे काही उठले की मीच खुर्चीत मागं रेललो. वॉट्सॅपवर एका मित्राला पाठवला. त्याचं उत्तर, "नाद खुळा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना परत उघडला आणि ती दिसली. पठार जिथं आकाशाला भिडतं तिथं, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, एक पांढरी रेघ. दोरा ओवल्यासारखी. वरचं आकाश गडद केलं, खालची जमीन आधीच गडद, आणि मधली चिंचोळी कड तेवढी ब्रशच्या मऊ काठातून सुटलेली. झाडाभोवतीही तेच. फांद्यांच्या फटींतून तर दिवाळीच चाललेली.

तीन रात्री मी त्या रेघेवर घालवल्या. मास्क, म्हणजे ब्रश जिथं चालेल त्या भागाची आखणी, नव्यानं केला. काठ कडक केला तर झाड कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसायला लागलं, मऊ केला तर रेघ परत आली. 200 टक्के मोठं करून, बारीक ब्रशनं, एकेक इंच पुढं सरकत रेघ दाबली. डावीकडनं झाडापर्यंत पोचलो आणि बघतो तर दाबलेल्या जागी आता काळी रेघ. ती परत उजळली. मित्राला बोलावलं.

"भावा, ही रेघ कुणाला दिसतीय?"

"मला दिसतीय."

"मग तू नको बघू."

शेवटचा घाव आईनं घातला. तिला फोटोग्राफीतलं काही कळत नाही, असं ती स्वतःच म्हणते. भाजी निवडता निवडता स्क्रीनकडं बघून म्हणाली, "झाडामागं ट्यूब लावलीय व्हय रे?"

खरं सांगायचं तर स्पर्धेतला फोटो मी तिथंच ठरवला. बाकीची कारणं नंतर जुळवली, ती आता सांगतो.

धुराच्या फोटोलाही खोडी आहेत, त्या लपवायच्या नाहीत. पहिली म्हणजे मोबाइलवर तो मेलेला दिसतो. अंगठ्याएवढ्या चौकटीत नुसता करडा आयत. स्पर्धेची पहिली चाळणी अशाच छोट्या चित्रांवर होणार असेल तर तो तिथंच गळायची भीती आहे, हे मान्य. दुसरी खोडी जास्त चिवट. 8 बिटच्या जेपेग फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्याच्या पायऱ्या असतात 256. धुक्याचा फोटो त्यातल्या थोड्याच वापरतो, सगळा मधल्या पट्ट्यात. तुम्ही कॉन्ट्रास्ट ताणला की त्याच थोड्या पायऱ्या लांब पसरतात आणि आकाशात जिना दिसायला लागतो. माझ्या पहिल्या प्रतीत धुराच्या वर चक्क चार पट्टे होते, घाटाच्या पायऱ्या असाव्यात तसे. पण याला औषध आहे: रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलपासून 16 बिटमध्येच काम करायचं, तिथं पायऱ्या कितीतरी जास्त असतात, जेपेग अगदी शेवटी करायचं, आणि त्याआधी जरासा दाणा (ग्रेन) मिसळायचा. दाण्यानं पायऱ्या मोडतात. मला यासाठी अर्धा तास लागला. रेघेला तीन रात्री.

प्रिंट मागवणारी स्पर्धा असेल तर वेगळाच ताप. आपल्याकडं बहुतेक लॅबमध्ये कृष्णधवल फोटोही रंगीत कागदावरच निघतो, म्हणजे करडा रंग तीन रंगांच्या मिश्रणातून तयार होतो, आणि मिश्रण जरा ढळलं की झाक येते. एका ठिकाणी मला धुराचा 12 बाय 18 मिळाला तो हिरवट. परत दिला तर जांभळट आला. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एवढा कलर येतोच." त्याच्याशी काय वाद घालणार! काळ्याबरोबर करड्या शाया असलेल्या इंकजेटवर काढून घेतला तेव्हा कुठं ताळ्यावर आला. पठाराचा फोटो त्या पहिल्याच लॅबमध्ये बरा निघाला होता. त्यात ठासून काळं आणि ठासून पांढरं, मधलं कमी, त्यामुळं झाक दिसायला जागा कमी. तेव्हा साध्या लॅबवर भिस्त असेल तर हा गुण पठाराच्या खात्यात टाका.

पण एक गोष्ट मी दोन्ही प्रिंट भिंतीला टेकवून, आठवडाभर येता-जाता बघून अनुभवली. पठाराच्या फोटोकडं नजर लगेच जाते आणि लगेच परत येते. धुराकडं उशिरा जाते आणि तिथं फिरत राहते: पहिलं धुराडं, मग पट्टी, मग पाचटाचा चौकोन, मग डावीकडचं तिसरं धुराडं, जे आधी दिसलंच नव्हतं. आन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी 1940 च्या आसपास जी झोन सिस्टिम बांधली तिच्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 0 ते 10 अशी घरं आहेत. माझ्या पठारात वस्ती पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन घरांत, मधली आळी ओस. धुराच्या फोटोत तीनपासून आठपर्यंत सगळीकडं माणसं राहतात. यंत्रानं मोजलेलं नाही, नजरेनं सांगतोय.

आपल्या गावाला या मधल्या करड्याची नजर जुनी आहे, असंही मला वाटतं. चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून कोटितीर्थ आणि रंकाळा रंगवत बसले. 1931 साली ते गेले. तेच पाणी, तीच झाडं, वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा. त्या चित्रांसमोर उभं राहिलं की कुणी ओरडत नसतं. अर्थात परीक्षक कोल्हापूरचेच असतील असं थोडंच आहे! शेकडो प्रवेशिका भराभर पुढं सरकत असतात आणि एका फोटोच्या वाट्याला काही सेकंद येतात, तिथं आरडाओरडा करणारा फोटो फायद्यात राहतो असं म्हणणारे जाणते लोक आहेत. त्यांचं चूक असेल असं मी म्हणणार नाही. मात्र अशाच भराभरीत परीक्षकांनी वाकलेली एकटी झाडं किती बघितली असतील, याचाही विचार करावा. गुऱ्हाळाचा धूर कमी बघितला असेल.

नियम एकदा नीट वाचा. आंतरराष्ट्रीय सलॉनमध्ये, म्हणजे स्पर्धा-प्रदर्शनात, फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाची व्याख्या चालत असेल तर अख्ख्या फोटोला सेपियासारखी एकच छटा दिलेली चालते, पण करड्या फोटोत एखादाच रंग ठेवला की तो रंगीत विभागात गेला. खांब-तारा पुसायची मुभा प्रत्येक ठिकाणी वेगळी. माझ्या धुराच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात मोटारीच्या डीपीचा खांब होता. पुसत बसलो नाही, कडेनं कातरला.

तुमच्या पठाराच्या फोटोत ढग मुळातच फाटलेले असतील, त्यातून उन्हाची तिरीप खाली आली असेल आणि तुम्हाला ब्रश हातात घ्यावाच लागला नसेल, तर माझं काही ऐकू नका, खुशाल तोच पाठवा. तसा पठाराचा फोटो धुराला कधीही भारी पडेल. शंका असेल तर एवढं करा: दोन्ही फोटो उलटे करून, खालची बाजू वर करून बघा. झाड झाड राहत नाही, ढग ढग राहत नाहीत, नुसते काळे-पांढरे आकार उरतात. माझं पठार उलटं केल्यावर वर काळी पट्टी, खाली पांढरट गोंधळ, आणि मधे ती रेघ. धूर उलटा केला तरी बघावासा वाटला. चित्रकार मित्र हे आरशात बघून करतात, त्यानंही चालतं.

मी धूर पाठवला. स्वीकृत झाला, बक्षीस काही नाही. पठार पाठवला असता तर काय झालं असतं, ते आता कुणी सांगावं.

पठाराची मोठी प्रिंट आमच्या नेहमीच्या चहाच्या दुकानात लागलीय. मालकानं हट्टानं मागून घेतली, स्वतःच्या पैशानं फ्रेम केली, काच लावली. येणारं-जाणारं गिऱ्हाईक थांबून विचारतं, "ह्यो कुठला वो?" आणि मालक माझ्याकडं बोट दाखवतो. पहिले काही दिवस मी फोटोकडं पाठ करून बसायचो. मग एकदा समोरची जागा मिळाली आणि नाइलाजानं वर बघितलं, तर दुकानातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेवर आडवं पडलेलं, बरोबर क्षितिजावर. रेघ दिसतच नाही.