घरच्या पोलचा वर्षभराचा अनुभव: स्लॅब, घाम, शॉर्ट्स, हील्स सगळं

घरी पोल डान्सचा पोल, म्हणजे फरशी ते छत उभा धातूचा खांब, लावून आता वर्ष होत आलं. उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्ही याच पोलवर काढले म्हणून आता लिहायला बसलेय, कारण पहिल्या महिन्यातले रिव्ह्यू वाचून कोणी एवढे पैसे घालू नयेत असं मला मनापासून वाटतं. हवा बदलली की पोल वेगळा वागतो आणि ते लगेच लक्षात येत नाही. मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहते, आधी क्लासला जाऊन बेसिक शिकले आणि मग घरी लावला. ज्यांनी अजून एकही क्लास केला नाहीये त्यांनी आधी तो करा, निदान चढणं, पोलवर बसणं, नीट खाली येणं आणि फायरमन, चेअर असले साधे स्पिन (पोलभोवती गिरकी घेण्याचे प्रकार) कोणाच्या तरी नजरेखाली शिका, मग घरच्या पोलचं बघा.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं सगळं सोपं होतं. पोलवर तुम्हाला तुमची कातडी धरून ठेवते. हातात ताकद लागतेच, पण मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची लवण, कंबर, काख, कोपराची आतली बाजू, हे सगळं स्टीलला घट्ट चिकटतं म्हणून आपण वर राहतो. कपडे कसले घालायचे, पोलचं फिनिश (वरचा मुलामा) कुठलं, पावसाळ्यात काय करायचं, अंगाला काय लावायचं नाही, सगळं यावरूनच ठरतं.

आधी जागेचं सांगते कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. घरचे पोल बहुतेक प्रेशरवर उभे राहतात, म्हणजे वर एक घुमटासारखी गोल प्लेट, खाली बेस, आणि मधला स्क्रू फिरवत गेलं की पोल लांब होऊन फरशी आणि स्लॅबच्या मध्ये घट्ट बसतो, ड्रिल लागत नाही. म्हणजेच वर खरा आरसीसी स्लॅब पाहिजे. पीओपी किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्यावर अजिबात लावू नका, ते वजन घेण्यासाठी केलेलंच नसतं. कौलारू घर, पत्रा, तिथेही नाही. टेरेसखालचा फ्लॅट असेल आणि स्लॅबला ओल येत असेल, प्लास्टर फुगलेलं असेल, तर आधी ते दुरुस्त करा आणि जाणकार माणसाला दाखवा. बीमखाली लावणं सगळ्यात भक्कम असं सगळे सांगतात ते खरंच आहे, पण आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बीम बहुतेक भिंतीच्या वरच असतो आणि भिंतीला चिकटून पोल लावून उपयोग काय, पाय कुठे पसरणार? माझा स्लॅबखालीच आहे, लावण्याआधी बिल्डिंगच्या इंजिनिअरला विचारून घेतलं होतं.

दुसरं म्हणजे पंखा. हे परदेशी व्हिडिओंमध्ये मला कोणी सांगितलेलं दिसलं नाही. आपल्याकडे पोल लावण्याची सगळ्यात चांगली जागा आणि पंख्याची जागा नेमकी एकच असते. नेहमीचा पंखा १२०० एमएमचा, म्हणजे मधून पात्याच्या टोकापर्यंत ६० सेंटीमीटर, आणि आपण उलटं झालो की पाय वर कुठवर जातात ते जरा कोणालातरी बाजूला उभं करून बघायला सांगा. मी बेडरूममधला पंखा काढून भिंतीवरचा लावला. पोलपासून सगळीकडे साधारण दीड मीटर मोकळं पाहिजे, निदान हात पूर्ण पसरून पोलभोवती फिरलं तर कपाट, खिडकी, बेडचा कोपरा काहीच लागायला नको.

उंची स्वतः मोजा, बिल्डरच्या ब्रोशरवर जाऊ नका. एक्स-पोल या ब्रिटिश कंपनीचा एक्सपर्ट सेट जादा तुकडा न जोडता साधारण सव्वासात ते नऊ फुटांपर्यंत बसतो, आपल्याकडे बरेचदा फरशीपासून स्लॅबपर्यंत नऊच्या वर जातं, मग एक्स्टेंशन वेगळं घ्यावं लागतं आणि ते आधीच एकत्र मागवलेलं बरं, नाहीतर शिपिंग दोनदा. फरशीसुद्धा वाजवून बघा, व्हिट्रिफाइड टाइल खालून पोकळ असेल तर आवाजच वेगळा येतो, तिथे बेस ठेवायचा नाही.

फिटिंगच्या वेळी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांनी जे केलं ते मला फार आवडलं. स्लॅबवर पेन्सिलने खूण केली, तिथून ओळंबा सोडला, खाली फरशीवर बरोब्बर जिथे टोक आलं तिथे चिकटपट्टीने फुली मारली आणि बेस तिथे ठेवला. मग पोल हाताने फिरवून टाइट केला, पुढे पाना लावून, आणि दर थोड्या वळणांनी चारही बाजूंनी लेव्हल लावून बघितली. मी तेव्हापासून दर वेळी चढण्याआधी पोल दोन्ही हातांनी धरून सगळ्या दिशांना जोरात ओढून बघते, वर प्लेटकडे नजर टाकते, जरा जरी सरकल्यासारखं वाटलं तर पुन्हा टाइट करते. हे कधीच चुकवायचं नाही. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी सांगा, काढल्यावर छताच्या रंगावर गोल डाग राहतो.

आता पोल. जाडी ४५ एमएम घ्या, स्पर्धांमध्येही हीच चालते आणि क्लासमध्येही बहुतेक हीच असते. ५० एमएम जुन्या स्टुडिओत दिसतो, हात लहान असेल तर तो मुठीत नीट येत नाही, ४० खूप लहान हातांना चांगला. स्टॅटिक (पोल स्थिर राहतो) आणि स्पिन दोन्ही मोड असलेलाच घ्या. स्पिनवर पोल स्वतः फिरतो, दिसतं सुंदर, पण नवीन असताना चक्कर येते आणि वेग ताब्यात राहत नाही, म्हणून सुरुवातीचे बरेच महिने स्टॅटिकवरच घालवा. स्वस्तातले, जोडाला नुसता एक छोटा स्क्रू असलेले चकचकीत पोल ऑनलाइन खूप दिसतात, ते नाचताना हाताने धरण्यापुरते असतात, त्यांच्यावर आपलं पूर्ण वजन टाकणं धोक्याचं आहे, मग नाव आणि फोटो कितीही मोठ्या कंपनीसारखे असोत. एक्स-पोल किंवा स्लोव्हेनियाचा लुपिट घेणार असाल तर कंपनीकडून किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, आणि किमतीत शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरूनच बजेट काढा, तो आकडा चांगलाच वाढतो.

फिनिशबद्दल बोलायचं तर माझा क्रोम आहे. पुण्याच्या हवेत क्रोमची पकड ठीकठाक, उन्हाळ्यात संध्याकाळी तळहात घामेजले की घसरतं, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पोल इतका गार असतो की कातडी धरतच नाही. थंडीत मी आधी पोलला पोटऱ्या, मांड्या, हात घासून तो कोमट करते, स्वतः भरपूर वॉर्मअप करते, मगच वर. मुंबई, कोकण, गोव्याकडच्या दमट हवेत आणि हातांना खूप घाम येत असेल तर ब्रास जास्त चांगला धरतो असं तिकडच्या मैत्रिणी सांगतात, पितळ काळं पडतं म्हणून जरा जास्त पुसावं लागतं एवढंच. ज्यांचे कान आर्टिफिशियल दागिन्यांनी खाजतात, चिघळतात त्यांनी क्रोम टाळा, क्रोमच्या थराखाली निकेल असतं, तुमच्यासाठी स्टेनलेस स्टील बरं. पावडर कोटिंगवाला कपड्यांवरूनही धरतो पण उघड्या कातडीला चांगलाच रगडतो.

पावसाळा हा सगळ्यात कठीण काळ. जुलैमध्ये पोलवर बारीक दमट थर बसतो, पुसला की परत. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एसीच्या ड्राय मोडचा, अर्धा तास आधी लावून ठेवते. दुसरं म्हणजे मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट आणि मायक्रोफायबरचं फडकं, सेशनच्या आधी, मध्ये आणि शेवटी पोल पुसायचा, खिडकी उघडी ठेवून, आणि जवळपास दिवा-उदबत्ती काही नको. हातांसाठी लिक्विड चॉक, डिकॅथलॉनमध्ये क्लायंबिंगच्या सामानात मिळतो. पण चॉक घामावर काम करतो, कोरड्या हाताला तो उलट घसरवतो, म्हणून थंडीत ज्यांची कातडी कोरडी पडते त्यांनी चिकट प्रकारचं ग्रिप वापरायचं, आयटॅक वगैरे, अगदी वाटाण्याएवढंच.

आणि तेल! आपल्याकडे केसांना तेल लावायची सवय, तेच केस पाठीवरून पोलला लागतात आणि मग कितीही पुसा, घसरतच राहतं. केस धुतलेले आणि वर घट्ट अंबाडा. बॉडी लोशन, व्हॅसलीन, सनस्क्रीन त्या दिवशी नाही, कातडी फार कोरडी असेल तर आदल्या रात्री लावा. दिवाळीत अभ्यंगाच्या दिवशी सरळ सुट्टी. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, घड्याळ काढूनच चढायचं, पोलवर ओरखडा पडला की तो पुढे कातडीला लागत राहतो आणि साखळी अडकली तर मानेला धोका.

कपड्यांवरून घरात प्रश्न येतातच. आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सरळ विचारलं, "अगं, एवढं तोकडं कशाला? लेगिंग घालून कर की." मी म्हटलं, "आई, बसा, दाखवते." लेगिंग घालून पोलवर बसायला गेले, मांड्या घट्ट आवळूनही हळूहळू खाली. मग शॉर्ट्स घालून तेच केलं, हात सोडून बसले. त्या म्हणाल्या, "हां, म्हणजे दोरीच्या मल्लखांबासारखंच की, आम्हालाही शाळेत पाय सोलून निघायचे." त्यानंतर विषयच संपला. आणि मला तेव्हापासून वाटतं की आपल्या मराठी घरांत हे समजावणं इतरांपेक्षा सोपं जायला हवं, मल्लखांब आपलाच, पेशवाईत बाळंभट्टदादा देवधरांपासून चालत आलेला, २०१९ मध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा दादरच्या शिवाजी पार्कला झाली. अढी मारणं म्हणजे काय ते आजोबांच्या पिढीला विचारा, पोलचा लेग हँग, म्हणजे गुडघ्याच्या लवणीत पोल पकडून उलटं लटकणं, त्यांना लगेच कळेल. फरक एवढा की खांबाचा मल्लखांब लाकडाचा असतो आणि त्याला एरंडेल चोळतात, इथे तेलाचा थेंब चालत नाही. पोलचीही २००९ पासून आंतरराष्ट्रीय फेडरेशन आहे, घरच्यांना स्पर्धांचे व्हिडिओ दाखवा.

तर कपडे. हाय-वेस्ट छोट्या शॉर्ट्स, मांडीला घट्ट बसणाऱ्या पण कापणार नाहीत अशा, आणि न हलणारी स्पोर्ट्स ब्रा. सायकलिंग शॉर्ट्स फार लांब पडतात, मांडीची कामाची जागाच झाकतात. वर टी-शर्ट सुरुवातीला चालतो, कंबर आणि बगलेची पकड शिकायला लागलात की तो गाठ मारून वर घ्यावा लागतो. पोलसाठी म्हणून विकतात ते महागडे सेट मी घेतले, साधेही घेतले, पुण्यातल्या हाँगकाँग लेनमधून घेतलेल्या शॉर्ट्स आजही तितक्याच चालतात. शिवण मात्र उलटं करून तपासा, मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण असेल तर ती रुततेच. झिप, बटणं, टिकल्या असलेलं काही नको. फरशीवरच्या हालचालींसाठी व्हॉलीबॉलचे नी पॅड घ्या, स्वस्त आणि उत्तम.

शूज शेवटी घ्या. सुरुवातीचे महिने अनवाणीच करा, पावलाची पकड आणि पाय ताणून ठेवण्याची सवय त्यातूनच येते. मी प्लीझर कंपनीचे ७ इंची प्लॅटफॉर्म हील्स घेतले. ऐकायला ७ वाटतं पण पुढे पावणेतीन इंचाचा प्लॅटफॉर्म असतो त्यामुळे पावलाचा उतार सव्वाचार इंचाचा होतो, नेहमीच्या हाय हीलच्या जवळपास. घोट्याला पट्टा असलेलाच घ्या. चकचकीत पेटंट फिनिशचा बूट पोलला छान धरतो, चढताना मदत होते, पण पाय पायावर घासले की एकमेकांना चिकटतोही. पहिले काही दिवस नुसतं पोल धरून चालायचं, रोज टाचा उचलून घोटे मजबूत करायचे, मग स्पिन. बुटाचं वजन पायाला लागतं, ओळखीचा स्पिनही वेगळा वाटतो. बाहेर घालून जाऊ नका, तळाला खडा अडकला तर पोलचं वाटोळं. आणि खालच्या मजल्यावर टकटक जाते, म्हणून मी हील्स दुपारीच आणि जाड रबर मॅटवर घालते. ही हील्स आणि ही पूर्ण शैली क्लबमध्ये नाचणाऱ्या बायकांनी घडवलीये, फिटनेस म्हणून आपण ती उचलली, त्यांच्याबद्दल कोणी नाक मुरडलं की मला खरंच वाईट वाटतं.

क्रॅश मॅट, चार इंच तरी जाड, मध्ये पोलसाठी चीर असलेली, ही पोलच्याच ऑर्डरमध्ये धरा. पण मॅट आहे म्हणून उलटं होण्याचे प्रयोग घरी एकटीने करायचे नाहीत. नवीन काही असेल तर मी क्लासमध्ये करते, घरी फक्त पक्कं झालेलं घोटते, तेही कोणीतरी घरात असताना. निळे-जांभळे डाग सुरुवातीला मांडीवर, लवणीत येतातच, हळूहळू कमी होतात. कोपराच्या आतल्या बाजूची दुखणी मात्र अंगावर काढू नका, ती पकडीच्या अतिवापराची असते, लांबली तर महिनोन्‌महिने जात नाही. एक दिवस करा, एक दिवस सोडा, आणि प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी करा, नावडत्या बाजूने आधी.

ज्यांच्याकडे स्लॅबच नाही, कौलारू घर आहे किंवा फॉल्स सीलिंग तोडता येत नाही, त्यांच्यासाठी स्वतःच्या स्टेजवर उभा राहणारा पोल मिळतो. साधारण दीड मीटर व्यासाचं व्यासपीठ, घडी करून ठेवता येतं. नाशिकच्या माझ्या मामेबहिणीकडे तो आहे, मी त्यावर केलंय, वर गेल्यावर थोडा डुलतो, त्याची सवय होते, पण महाग आणि प्रचंड जड आहे, आणि छत उंच लागतं कारण स्टेजचीही उंची धरावी लागते. तिने तो अंगणातल्या शेडमध्ये लावलाय आणि पावसात वर जाड ताडपत्री टाकते.