घरी बांधलेली प्लायवूडची होडी: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

साडेअकरा फुटी, सपाट तळाची, दोन माणसांची वल्ह्यांची होडी. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये उन्हाळाभर बांधली आणि तेव्हापासून वापरतोय. मत आधीच सांगून टाकतो. सुतारकाम येत नाही म्हणून अडून बसू नका, कारण यात रंधा-पटाशीचं काम फार थोडं आहे. खरी गाठ इपॉक्सी (हार्डनर मिसळला की कडक होणारं चिकट रेझिन) आणि पॉलिश पेपरशी आहे. त्यातही पॉलिश पेपरशी जास्त.

रीत सोपी आहे. प्लायचे लांबट तुकडे कापायचे, काठांना बारीक भोकं पाडून ते तांब्याच्या तारेनं एकमेकांना शिवायचे. मग आतल्या कोपऱ्यांत लाकडाची बारीक भुकटी घातलेली घट्ट इपॉक्सी भरायची, वर फायबरची पट्टी बसवायची. ती वाळली की तारा काढून बाहेरूनही पट्टी. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी याच पद्धतीने घरोघरी बांधली गेली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती आखली होती आणि सत्तर हजारांवर मिरर पाण्यात उतरल्या. बांधणारे बहुतेक हौशीच होते. तार मला मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळाली. बाहेरच्या बाजूच्या काही टाक्यांना केबल टायही चालतात.

प्लायबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हटलं की बरेचदा आयएस ३०३ (आयएस म्हणजे भारतीय मानक) शिक्क्याची शीट समोर येते. ती स्वयंपाकघराच्या ट्रॉलीसाठी ठीक. होडीला आयएस ७१० लागते, म्हणजे जिचा थर जोडणारा चिकटा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो ती. शिक्का स्वतः वाचा. पण शिक्का चिकट्याची हमी देतो, मधल्या थरांत पोकळी नसेलच असं नाही. म्हणून चारही काठ बघायचे आणि शीटभर नाण्याने टकटक करत जायचं. आवाज पोकळ आला की शीट परत. दुकानदार वैतागतो, वैतागू द्या.

दुसरी गोष्ट वजनाची. परदेशी नकाशांत होडीचं वजन बहुधा ओकूमे या आफ्रिकी लाकडाच्या हलक्या प्लायवर धरलेलं असतं. आपल्याकडची आठ बाय चारची ६ मिमी शीट बारा-तेरा किलोला जाते. मला तीन लागल्या. होडी पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते.

आता इपॉक्सी. नाशिकचा एप्रिल म्हणजे दुपारी चाळिशी गाठणारं ऊन. तापमान दहा अंशांनी वाढलं की मिश्रण घट्ट होण्याआधी हातात राहणारा वेळ साधारण निम्मा होतो. वर पेल्यात तसंच ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं. म्हणून पहाटे काम करायचं, थोडंथोडं कालवायचं आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलं असेल तेच, आणि वजनाने दिलं असेल तर डिजिटल काट्यावर. ‘लवकर वाळावं’ म्हणून जास्त घातलं तर ते कधीच नीट कडक होत नाही. पावसाळी हवेत वाळलेल्या थरावर तेलकट पापुद्रा येतो. तो आधी पाण्याने घासून धुवायचा, मगच पॉलिश पेपर लावायचा. हातमोजे नायट्राइलचे. एकदा इपॉक्सीची ॲलर्जी बसली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही.

अंबडला फायबरच्या दुकानात टाकीवाले वापरतात ती चटई पुढे करतात. ती घेऊ नका. तिच्यातला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळावा म्हणून असतो, इपॉक्सीत नाही. विणलेलं फायबरचं कापड मागा, चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या आसपासचं. इपॉक्सी, कापड आणि रंग मिळून माझा खर्च प्लायपेक्षा जास्त झाला, हेही बजेटमध्ये धरा.

पहिली चाचणी दिंडोरीकडे नातेवाइकांच्या शेततळ्यात घेतली. पाणी स्थिर असतं, पण प्लास्टिकचा कागद इतका निसरडा की पडलेला माणूस एकट्याने वर येऊ शकत नाही. काठावरून गाठी मारलेला दोर सोडल्याशिवाय आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय उतरूच नका. पुढे धरणाच्या फुगवट्यात जायचं तर जलसंपदा विभागाला आधी विचारा. नांदूरमध्यमेश्वर विसरा, ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे. आपल्या चांदवडच्या दुष्काळी पट्ट्यातला दत्तू भोकनळ २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये वल्हवून आला, तरी नाशकात होडी दिसली की लोक विचारतात, “आता गणपती विसर्जनाला का?”

टिकलं काय? सांधे. एकाही ठिकाणी पाणी आलेलं नाही, कुठे केसाएवढी चीरही नाही. कापलेल्या प्रत्येक काठाला आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात इपॉक्सी पाजली होती, त्याचं हे फळ. पांढरा रंगही चांगला राहिला. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे रंग हवाच, आणि तो फिका हवा. गडद रंगाखाली ती तापून मऊ पडू शकते.

तळाचं तसं नाही. पाणी उतरलं की काठाला काळ्या दगडाची खडी उघडी पडते आणि होडी ओढताना ती रंग खरवडून काढते. कापड मात्र शाबूत आहे. तळाला सागाच्या दोन पट्ट्या स्क्रूने बसवल्या. झिजल्या की बदलायच्या. मागे तळाखाली एक उभी पाकळी आहे, तिच्यामुळे होडी सरळ जाते. दुपारचा वारा सुटला की तरीही आडवी सरकतेच. सपाट, हलकी होडी म्हटल्यावर ते चालायचंच.

वल्ही अडकवायच्या लोखंडी कड्या नाशकात कुठे सापडल्या नाहीत. लाकडी खुंटी आणि दोरीचं कडं लावलं. आवाज नाही, गंज नाही. चार फूट रुंदीला सात फुटी वल्ही बरोबर बसतात.

ठेवताना उलटी, जुन्या टायरांवर, आणि हवेच्या पेट्यांची (होडीत पाणी भरलं तरी ती तरंगावी म्हणून केलेल्या बंद कप्प्यांची) झाकणं उघडी. बंद ठेवली तर उन्हात आतली हवा फुगून सांध्यांवर ताण येतो.

तक्रार एकच, वजनाची. चढवायला-उतरवायला दोघं लागतातच. तुम्हाला एकट्याने गाडीवर चढवायची असेल तर बाजूंना ४ मिमी आणि फक्त तळाला ६ मिमी घ्या. आठेक किलो वाचतील.