पॅकिंग रूम तापली, पॉलिहाऊस नाही

दिंडोरी तालुक्यात माझं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, डच गुलाबाचं. निफाड-दिंडोरीकडे पारा ५-६ अंशांवर आला की कळी अडते. व्हॅलेंटाइनचा माल १४ फेब्रुवारीनंतर निघाला तर विचारतो कोण? त्यात शेतीची थ्री फेज पाळीपाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. ही दुखरी नस दारात आलेल्या हीटर विक्रेत्याला बरोबर ठाऊक होती.

"दादा, ४ कार्बन हीटर पॅनेल, मिळून २ किलोवॅट. सिंगल फेजवर चालतं. रात्रीचं तापमान ५ अंशांनी वाढणार, दमटपणा हा सेन्सरवाला डबा सांभाळणार." प्रात्यक्षिक त्याने पॅकिंग रूममध्ये दाखवलं. दहा बाय दहाची खोली, दार लावलेलं. अर्ध्या तासात घाम फुटला. मी खूश. पॉलिहाऊसमध्येच लावून दाखव, हे तेव्हा सुचलं नाही. १ लाख ८५ हजार ठरले, १ लाख २० हजार आगाऊ दिले. पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही.

पहिल्याच थंड रात्री बाहेर ७, आत ८. मेहुणा इलेक्ट्रिशियन आहे, त्याने वहीवर मांडून दाखवलं. एकपदरी प्लॅस्टिकमधून एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे साधारण ६ वॅट उष्णता बाहेर जाते. माझं छत आणि बाजू मिळून १५०० चौरस मीटर. म्हणजे ५ अंशांना ४५ किलोवॅट लागणार. २ किलोवॅटमध्ये पाव अंशही नाही. तो एक अंशाचा फरकही बहुधा पॅनेल नसतं तरी पडलाच असता. एवढं गणित आधी केलं असतं तर!

आर्द्रतेचा घोळ आणखी वाईट. डब्यावर कायम ६८ टक्के. इकडे पहाटे प्लॅस्टिकवरून थेंब गळत होते, पाकळ्यांवर बोट्रायटिस बुरशीचे ठिपके आले. साध्या थर्मामीटरशेजारी ओल्या फडक्याचा टांगला: कोरडा ११, ओला साडेदहा. फरक जेवढा कमी, तेवढी हवा दमट. म्हणजे आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. डबा उघडला तर सेन्सरची वायर आत कशालाच जोडलेली नव्हती.

विक्रेत्याचा फोन आठवडाभर नुसता वाजला, मग बंद. पोलिसांत अर्ज दिलाय, पण कच्च्या पावतीवर किती पुढे जाईल कोण जाणे.

आता थंडीत पाणी सकाळीच देतो, संध्याकाळी अजिबात नाही. साडेचारला बाजूचे पडदे खाली, म्हणजे दिवसाची ऊब थोडी तरी अडते. आतली शेडनेट रात्री ओढून घेतो. ऊन चढलं की पडदे उघडून ओली हवा बाहेर काढतो, आतली ऊब गेली तरी चालेल. इन्व्हर्टरवर दोन छोटे पंखे हवा हलती ठेवतात. यंदाही माल उशिराच निघाला, पण डाग कमी.

पॅनेल शेडमध्ये पडून आहेत. डबा भिंतीवर आहे, प्लग लावला की ६८ दाखवतो. परवा वैशाखातल्या दुपारी पुन्हा लावून पाहिला. ६८च.