पाकिटातला केक आणि फोंड्याचा उकाडा

श्रावणात आमच्या घरात अंडे येत नाही आणि धाकट्याचा वाढदिवस नेमका श्रावणातच पडतो. त्यामुळे यंदा इथल्या, गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातून अंड्याविना व्हॅनिला केकचे तयार मिश्रण आणले. वाढदिवस निभावला, पण एवढ्यावर न थांबता पुढचे दोन महिने निरनिराळ्या कंपन्यांची पाकिटे आणि घरचे साहित्य यांचे केक व मफिन आळीपाळीने भाजून पाहिले. कंपन्यांची नावे देत नाही, कारण त्यांच्यात फरक फारसा नव्हता; खरा फरक पाकीट आणि घरचे साहित्य यांच्यात होता.

पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून ती यादी वाचण्यासारखी असते. आरंभी मैदा आणि साखर, मग दुधाची पावडर व स्टार्च, आणि अगदी शेवटी खाण्याचा सोडा, त्याला फुलवणारे आम्ल, कृत्रिम वास आणि 471 अशा आकड्याने दाखवलेले इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ. मैदा आणि साखर तर आपल्या डब्यात असतातच. म्हणजे आपण जादा पैसे मोजतो ते शेवटच्या चिमूटभर जिनसांसाठी. हे पैसे वाया जातात असे मी आधी धरून चालले होते, पण निदान साध्या स्पंज केकपुरते तरी मला ते मत बदलावे लागले.

त्याचे कारण हवेत आहे. लोणी, साखर, मैदा आणि अंडी प्रत्येकी 200 ग्रॅम घेऊन केलेला जुन्या पद्धतीचा केक फुलतो तो मुख्यतः फेटण्यामुळे: साखरेचे कण लोण्यात घुसताना सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि ओव्हनच्या उष्णतेने तेच मोठे होतात. यासाठी लोणी 20 अंशांच्या आसपास असावे, बोट दाबले की खळगा पडावा पण चकाकी येऊ नये. ऑक्टोबरात आमच्या स्वयंपाकघराचे तापमान तिशी ओलांडते, आणि तिथे दहा मिनिटे फेटल्यावर भांड्यात फुललेले लोणी नव्हे तर साखर घातलेले पातळ तूप उरते. पहिले दोन केक असेच विटेसारखे बसले. तिसऱ्या वेळी भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटले आणि अंडी एकेक करून घातली, तेव्हा केक साधला. पण त्यात सकाळ गेली. पाकिटात हे सारे इमल्सिफायर सांभाळतो. पाणी आणि तेल घालून दोन-तीन मिनिटे ढवळले की बुडबुडे टिकतात, केक सरळ वर येतो आणि तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

चवीचे मात्र तसे नाही. पाकीट फोडताच येणारा व्हॅनिलाचा वास शेवटच्या तुकड्यापर्यंत पिच्छा सोडत नाही, साखर आधीच मिसळलेली असल्यामुळे गोडी कमी करता येत नाही, आणि घास कापसासारखा विरतो, जिभेवर लोण्याची आठवण न ठेवता. घरच्या केकचा कडेचा खरपूस भाग पहिल्यांदा संपतो. पाकिटातल्या केकची कड आणि मध्य यांत भेदच नसतो.

मफिनच्या बाबतीत पाकीट घेण्याचे मला एकही कारण सापडले नाही. इथे लोणी फेटायचेच नसते, त्यामुळे उकाड्याची अडचण मुळातच उद्भवत नाही. 200 ग्रॅम मैदा, दोन टीस्पून बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि 100 ग्रॅम साखर एका भांड्यात. दोन पिकलेली रसबाळी केळी कुस्करून, एक अंडे, 80 मिली तेल आणि 100 मिली दूध दुसऱ्यात. दोन्ही एकत्र करून कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच ढवळावे, गुठळ्या राहिल्या तरी चालतील. जास्त ढवळले तर ग्लुटेन, म्हणजे मैद्यातले चिकट प्रथिन, ताणले जाऊन मफिन चिवट होतात आणि आत बोगदे पडतात. 180 अंशांवर वीस-बावीस मिनिटे पुरतात. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा केकच्या पाऊण तासापेक्षा ही वीस मिनिटे कमी जिवाला घोर लावतात. फक्त बेकिंग पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण आपल्या दमट हवेत तिचा जोर लवकर ओसरतो. अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून सणसणीत फेस आला तरच ती वापरावी.

पाकिटाची खरी फजिती झाली ती बाथ करताना. ओला नारळ आणि रव्याचा हा केक शेजारच्या मावशी नाताळात करतात, आणि रवा फुगावा म्हणून पीठ रात्रभर मुरवत ठेवतात. मी शॉर्टकट म्हणून पाकिटातल्या मिश्रणातच वाटलेला नारळ आणि रवा घातला. पातळ पिठासाठी बेतलेल्या त्या मिश्रणाला नारळाचा भार पेलला नाही. वर स्पंज, खाली ओला खोबऱ्याचा थर, आणि मधोमध खड्डा. मावशींना तो दाखवला नाही.

एक पाकीट अजून फडताळात आहे. पुढच्या वाढदिवसासाठी ठेवले होते, पण त्यावरची मुदत पुढच्या श्रावणाच्या आधीच संपते.