बाधा की भ्रंश? ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’मधील देव आणि त्यांच्याविषयीचे तर्क

देव बिघडला तर ते सांगायला मराठीत दोन निराळे शब्द आहेत. बाधा होते ती बाहेरून. कोणीतरी परके अंगात शिरते, आणि उतारा सापडला तर मूळची व्यक्ती परत मिळेल अशी आशा राहते. भ्रंशाचे तसे नाही. पदभ्रष्ट, मार्गभ्रष्ट, योगभ्रष्ट या शब्दांतला माणूस स्वतः घसरलेला असतो, आणि तो आधी कोठे उभा होता हे कळल्याशिवाय त्याच्या पडण्याचा अर्थ लागत नाही. ‘एल्डन रिंग’ या गेममधील देवांविषयी चाहते २०२२ पासून जे तर्क मांडत आले आहेत, त्यांतील बहुतेक मोठे वाद शेवटी या दोन शब्दांमधले आहेत. २१ जून २०२४ रोजी आलेल्या ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ या त्याच्या विस्ताराचे, म्हणजे मूळ गेमला जोडलेल्या नव्या भागाचे, परीक्षण मी त्याच अंगाने करणार आहे. पुढे कथेतील जवळजवळ सर्व रहस्ये उघड केलेली आहेत. ज्यांना ती स्वतः शोधायची आहेत त्यांनी हा लेख खेळून झाल्यावर वाचावा.

मूळ गेम टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तयार केला, आणि त्या जगाची प्राचीन पुराणकथा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहून दिली. विस्तार स्वतंत्रपणे खेळता येत नाही. मूळ गेममधील राडान आणि मोग या दोन अर्धदेवांना हरवल्यानंतरच मिकेला या तिसऱ्या अर्धदेवाच्या कोशातून लोंबणाऱ्या सुकलेल्या हाताला स्पर्श करून छायाभूमीत, म्हणजे विस्ताराच्या प्रदेशात, जाता येते. ही अट अनेकांना जाचक वाटली. मला ती कथेच्या दृष्टीने अतिशय योग्य वाटते, कारण हे दोन मृत्यू नेमके कोणाच्या सोयीचे होते हे पुढे कळते आणि आपण आधीच हातभार लावून बसलो आहोत हे लक्षात येते.

या गेममध्ये इतिहास कोणी सलग सांगत नाही. प्रत्येक तलवार, ताईत आणि मंत्र यांच्याखाली दोन-चार ओळींचे वर्णन असते, आणि खंडित ताम्रपट जुळवणाऱ्या अभ्यासकासारखे ते वाचावे लागते. कोणत्याही भारतीय भाषेत हा मजकूर उपलब्ध नसल्याने आपल्याकडील बहुतेक खेळाडू तो इंग्रजीतून वाचतात. मूळ गेममध्ये या पद्धतीने जो तर्क सर्वाधिक रुजला तो बाधेचा होता. ‘ग्रेटर विल’ नावाची दूरस्थ शक्ती ‘टू फिंगर्स’ या दूतांमार्फत या भूमीची देवता-राणी मरिका हिला बाहुलीसारखी नाचवते; त्याशिवाय बाहेरचे अनेक देव या भूमीवर टपून बसलेले आहेत. मिकेलाची जुळी बहीण मलेनिया हिला जन्मापासून सडण्याची व्याधी आहे आणि तिच्या देहातून सडीची देवी फुलते. मोगच्या शापित रक्ताला एका निराकार मातेने आपलेसे केले आहे. वेडाची पिवळी ज्वाला तर सरळ डोळ्यांतून आत शिरते. बाहेरच्या देवांची लुडबूड थोपवण्यासाठी मिकेलाने शुद्ध सोन्याची सुई घडवली, असे वर्णनातच स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे या तर्काला भक्कम आधार होता. आजार बाहेरचा, म्हणून औषधही बाहेरच्याला रोखणारे, अशी त्याची मांडणी होती.

विस्ताराने या तर्काचा कणाच काढून घेतला. यमिर नावाचा एक सौम्य बोलणारा पुरोहित आपल्याला प्राचीन अवशेषांमधील लोंबत्या घंटा वाजवायला पाठवतो, आणि शेवटी आपण मेटिरसमोर येऊन उभे राहतो. मेटिर ही सर्व ‘टू फिंगर्स’ची जननी, ग्रेटर विलची कन्या आणि या भूमीवर पडलेला पहिला तारा. तिला हरवल्यावर मिळणारे वर्णन सांगते की ती मोडलेली होती, तिला टाकून दिलेले होते, आणि तरीही ती पुढच्या संदेशाची वाट पाहत राहिली होती. म्हणजे ज्या आज्ञांवर मरिकाचे साम्राज्य उभे राहिले आणि ज्या आज्ञांच्या नावाने एवढी युद्धे झाली, त्या आज्ञा पाठवणारे वरचे टोक बहुधा केव्हाच मुके झालेले होते. यमिर तर मरिका आणि तिला मार्ग दाखवणारे फिंगर्स मुळातच बिघडलेले होते असे म्हणतो. तो स्वतः मातृत्वाच्या वेडाने पछाडलेला असल्यामुळे त्याची साक्ष जपूनच घ्यावी लागते, परंतु मेटिरच्या वर्णनाशी ती जुळते. सूत्रधार दोरी सोडून निघून गेला असेल, तर बाहुली कोणाच्या हाताने नाचत होती हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर शोधायला मरिकाच्या गावीच जावे लागते.

शामन व्हिलेज हे तिचे गाव शोधल्याशिवाय सापडत नाही. तेथे शत्रू नाही, खजिन्याची पेटी नाही. फुलांनी भरलेले रान, मोडकी घरे आणि शांतता एवढेच आहे. बॉनी व्हिलेज आणि तुरुंगांमधून आधी फिरून आलेल्या खेळाडूला तोवर माहीत झालेले असते की शिंगे असलेल्या हॉर्नसेंट लोकांनी या गावच्या शामन स्त्रियांना गुन्हेगारांच्या मांसासह मोठमोठ्या रांजणांत कोंबले, कारण शामनचे मांस दुसऱ्या देहात सहज मिसळते अशी त्यांची समजूत होती. या गावात दोनच वस्तू मिळतात. एक म्हणजे सोनेरी केसांची कापलेली वेणी, मरिकाने आजीला वाहिलेली. दुसरा एक मंत्र, ज्याच्या वर्णनात म्हटले आहे की मरिकाने आपले गाव सोनेरी प्रकाशाने न्हाऊ घातले, आणि तेथे बरे करण्यासारखे कोणीही उरलेले नाही हे तिला पुरते ठाऊक होते. गेली अनेक वर्षे मी गेम खेळतो आहे, आणि एखाद्या देवतेच्या पतनाचे मूळ इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या करुणेने सांगितलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. जी पुढे आपला मुलगा मेस्मर याच्याकरवी हॉर्नसेंटची राखरांगोळी करवते, त्याच मुलाला छायाभूमीत कायमचा टाकून देते आणि मृत्यूलाच नियमातून वगळते, तिच्या साऱ्या क्रौर्याच्या मुळाशी हे रिकामे गाव आहे. तिला कोणी बाधा केलेली नव्हती. ती दुःखातून वर चढली, आणि चढताना वाटेत काय काय सोडले याचा हिशेब तिने कधी मागे वळून केला नाही.

मरिका आणि तिचा दुसरा पती रॅडागॉन एकच आहेत हे मूळ गेमने राजधानी लेंडेलमधील पुतळ्याद्वारे सांगितले होते, पण ते कसे शक्य झाले यावर मात्र वर्षानुवर्षे काथ्याकूट चालला होता. शामनच्या मांसाचा हा गुणधर्म पुढे आल्यावर चाहत्यांनी लगेच जो तर्क मांडला तो मला पटतो. मिसळून जाणे हाच जिच्या वंशाचा धर्म, आणि ज्या धर्मापायी तिचे सगळे लोक मारले गेले, तिनेच दुसऱ्या कोणाला स्वतःत मिसळून घेतले असावे. गेममध्ये हे कोठेही स्पष्ट लिहिलेले नाही. तरीही हा तर्क उपलब्ध पुराव्यातील कशालाही धक्का न लावता बसतो, आणि बऱ्या तर्काची हीच खूण आहे. याउलट, रॅडागॉन हा बाहेरच्या देवाने पेरलेला हस्तक आहे, हे मत टिकवायचे तर अर्धी वर्णने बाजूला ठेवावी लागतात.

मोगच्या बाबतीत तर तर्क करणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आलो, समोरचा पुरावा असून पाहिला नाही. त्याने बालरूपी मिकेलाला पळवून नेले आणि आपल्या रक्ताने देव बनवण्याचा घाट घातला, असे सर्वांनी धरून चालले होते. विस्तारात मोगचा जुना सेवक आन्सबाख सांगतो की मोहिनी मिकेलाची होती. मोग स्वतःच भारलेला होता, आणि त्याचा देह पुढे राडानच्या आत्म्यासाठी वापरला गेला. मूळ गेममधील ‘बिविचिंग ब्रँच’ या साध्या वस्तूच्या वर्णनात, मिकेला लोकांचे प्रेम ओढून घेण्यात तरबेज आहे, असे २०२२ पासून लिहिलेले होते. ते वाचून आपण सर्वांनी कौतुकाने मान डोलावली. ज्याला आपण बाधा झालेला समजत होतो तोच बाधा करणारा निघाला, ही उलथापालथ नव्या पुराव्यावर अवलंबून नव्हती, आणि म्हणूनच ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

अंतिम लढाईविषयी मात्र माझी तक्रार आहे. मिकेलाचा वचनबद्ध जोडीदार म्हणून राडान परत येतो. त्याची तजवीज या विस्ताराच्या आत आहे. मूळ गेममध्ये तिचा माग फारच पुसट आहे. दुसरीकडे, देहाने जिवंत आणि आत्म्याने मृत असा मरिकाचा मुलगा गॉडविन, ज्याच्या कुजणाऱ्या देहाची मुळे सगळ्या भूमीखाली पसरली आहेत, तो जवळजवळ अस्पर्शित राहतो. ज्याच्याविषयी चाहत्यांनी इतकी वर्षे निष्ठेने विचार केला त्याला असे बाजूला ठेवणे हा कथेतला दोष आहे, आणि राडानची लढत कितीही थरारक असली तरी तो झाकला जात नाही. ही लढत सुरुवातीला प्रमाणाबाहेर अवघड होती. सप्टेंबर २०२४ मधील सुधारणेत ती सौम्य केली गेली. छायाभूमीत बळ वाढते ते ‘स्कॅडूट्री फ्रॅगमेंट’ गोळा करून, आणि एकूण ५० तुकड्यांसाठी कानाकोपरे पालथे घालावे लागतात. जो कथा शोधत हिंडतो तो आपोआप बलवानही होतो, ही रचना मला मनापासून आवडली.

मूळ गेमच्या वर्णनांत जिचा केवळ उल्लेख येतो ती ग्लोम-आइड क्वीन ही राणी कोण होती, याचे उत्तर विस्तारातही नाही. गेमच्या अनेक शेवटांपैकी वेडाच्या ज्वालेच्या शेवटात खेळाडूची वाटाडी मेलिना मिटलेला डोळा उघडते, त्यावरून तीच ती राणी असे मानणारे पुष्कळ आहेत. मेस्मरच्या धाकट्या बहिणीचा जो ओझरता उल्लेख आला आहे त्याने मेलिना मरिकाची मुलगी असल्याच्या तर्काला बळ मिळते, पण राणीच्या ओळखीबाबत काहीच सिद्ध होत नाही. येथे मी निर्णय राखून ठेवतो.

ज्यांनी मूळ गेम मन लावून खेळला आहे त्यांनी हा विस्तार अवश्य घ्यावा. केवळ लढायांसाठी खेळणाऱ्यालाही तो पुरेल, पण वर्णने न वाचणाऱ्याला त्यातील निम्मे मोल कळणार नाही. एक गोष्ट मात्र अंतिम लढाईपूर्वी चुकवू नये. देवत्वाकडे जाताना मिकेला आपला देह, आपली शंका आणि आपले प्रेमही वाटेवर टाकत जातो, आणि त्या टाकलेल्या प्रेमाचे नाव सेंट ट्रिना. स्टोन कॉफिन फिशरच्या तळाशी ती आहे. तिचा मध प्यायला की मृत्यू येतो, आणि पुन्हा पुन्हा पिऊन मेल्यावरच तिचा आवाज ऐकू येतो. मिकेलाला थांबवा, देवत्व ही त्याची कैद ठरेल, त्याला मारून क्षमा द्या, एवढेच तिचे मागणे आहे. ते ऐकून मग, जेथे अंतिम लढाई होते त्या एनिर-इलिमच्या पायऱ्या चढाव्यात.