ब्राउझरमधल्या थ्रीडी खोलीत जर्मन शिकवून बघितलं, काही महिन्यांनंतरचा अनुभव

ए१-ए२ चं, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळ्यांचं जर्मन शिकवते, पुण्यातून, ऑनलाइन. मोझिलाने हब्ज, ही ब्राउझरमधल्या थ्रीडी खोल्यांची सेवा, ३१ मे २०२४ ला बंद केली तेव्हा वाटलं संपला हा प्रकार, पण कोड ओपन सोर्स असल्यामुळे तो आपल्याच सर्व्हरवर चालवता येतो, आम्ही तेच वापरतोय. लिंक उघडा, अवतार निवडा, माइकला परवानगी द्या, झालं, इन्स्टॉल काही नाही.

खरी मजा आवाजाची. जवळच्याचं मोठ्याने ऐकू येतं, लांबच्याचं बारीक, त्यामुळे एकाच खोलीत तीन कोपऱ्यांत तीन जोड्या बोलत बसतात. झूमवर एकजण बोलतो आणि बाकीचे म्यूट करून ऑफिसच्या मेल बघतात, आणि ब्रेकआउट रूममध्ये मी टपकले की सगळे चिडीचूप. इथे मी बाजूने चालत जायचं फक्त, कान टवकारून.

आणि वो-वोहिन, म्हणजे 'कुठे' आणि 'कुठल्या दिशेने'! त्यावरून नामाची विभक्ती बदलते, 'कुठे'ला डाटिव, 'कुठल्या दिशेने'ला अक्कुझाटिव, आणि ते किती छळतं ते शिकणाऱ्यांनाच ठाऊक. इथे एकाने दिवा उचलायचा, 'इश श्टेलं डी लाम्पं आउफ डेन टिश' म्हणत टेबलावर ठेवायचा, की दुसरीने लगेच 'डी लाम्पं श्टेट आउफ डेम टिश' (दिवा टेबलावर आहे) म्हणायचं. ठेवतानाचं डेन, ठेवून झाल्यावर डेम, डोळ्यांसमोर घडतं ना, पुस्तकातल्या चित्रात काही हलतच नाही. फक्त दिवा सीनमध्येच पक्का बसवू नका, वेगळा ऑब्जेक्ट म्हणून टाका, नाहीतर उचलता येत नाही.

कीबोर्डवर 'G' दाबलं की उडता येतं हे एका पठ्ठ्याला कळलं आणि तो तास गेलाच, मग मीच विचारलं, वो बिस्ट डू (कुठे आहेस तू)? वरून उत्तर, 'ऊबर डेम टिश!' (टेबलाच्या वर, हवेत). बरोबर होतं हो.

आता त्रास. साधे फोन तापतात, आवाज तुटतो, बॅटरी भराभर उतरते. हिंजवडीवाल्यांच्या कंपनी लॅपटॉपवर फायरवॉल आवाजच जाऊ देत नाही, त्यांना घरचा लॅपटॉप लागतो. सजावटीच्या नादात जड मॉडेल्स टाकलीत तर खोली उघडेपर्यंत निम्मे जण बाहेर पडतात. नवीन बॅचचा पहिला तास चालायला शिकण्यातच जातो, तो धरूनच चाला. आणि लेखन? अजिबात नाही, पत्र लिहायचा सराव इथे करणं म्हणजे छळ आहे.

पुढच्या बॅचला आठवड्यातून एकच तास इथे ठेवणारे, तोही फक्त बोलण्याचा, बाकी झूम आणि वही.