मिहानची नोकरी की गडचिरोलीची वाट: नागपूरच्या पदवीधराने काय पाहून ठरवावं

कंपनी की सामाजिक संस्था ही निवड नागपूरच्या मुलामुलींना जितकी जवळून पाहता येते, तितकी पुण्या-मुंबईच्या मुलांना येत नाही. वर्धा रोडवर खापरीजवळ मिहान या उद्योग-वसाहतीत टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत. त्याच रस्त्याने पुढे गेलं की पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आणि शंभरेक किलोमीटरवर वरोऱ्याचं आनंदवन. उमरेड-नागभीडमार्गे गडचिरोली साधारण १७० किलोमीटर. म्हणजे या दोन्ही प्रकारची कामं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मग ठरवणं तुम्हाला शक्य आहे. तरी बहुतेक जण ठरवतात ते मित्रांच्या आणि काका-मामांच्या ऐकीव माहितीवर, म्हणून ही तुलना.

‘मी हे काम कशासाठी करतोय’ हा प्रश्न घरच्यांना थेर वाटतो. पण तो एकट्यादुकट्याचा नाही. डेलॉइटच्या २०२५ च्या, ४४ देशांतल्या तरुणांच्या पाहणीत जेन झीमधल्या (आजच्या तरुण पिढीतल्या) ८९ टक्के जणांनी सांगितलं की नोकरीत समाधान वाटायला कामाला काही हेतू असणं महत्त्वाचं आहे. त्याच पाहणीत जवळपास निम्म्यांनी आपल्याला आर्थिक सुरक्षितता वाटत नाही असंही म्हटलं. माझ्या मते हे दोन आकडे एकत्रच वाचायला हवेत. ‘कंपनी म्हणजे पैसा, संस्था म्हणजे समाधान’ अशी वाटणी करून निवड केली की दोन्हीकडे फसगत होते.

पैसा

मोठ्या आयटी कंपन्यांच्या सर्वसाधारण भरतीत नवख्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. हा आकडा गेल्या दहाएक वर्षांत फारसा हललेला नाही. पीएफ वगैरे कापून हातात पंचवीस हजारांच्या आगेमागे पडतात. पुण्यात किंवा बंगळुरूत एवढ्या पैशांत खोलीभाडं आणि जेवण यातच महिना संपतो. नागपुरात स्वतःच्या घरी राहून मिहानला जाणाऱ्याची मात्र खरी बचत होते. मिहानचा हा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि तो कंपनीच्या पत्रात लिहिलेला नसतो.

संस्थेकडचा पगार संस्थेगणिक बदलतो, त्यामुळे सरासरी सांगण्यात अर्थ नाही. तो पैसा कुठून येतो हे मात्र माहीत हवं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक जरी असेल तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, यालाच सीएसआर म्हणतात. या पैशाने संस्थांमध्ये आधी नसलेली पदं तयार झाली: प्रकल्प समन्वयक, मूल्यमापन अधिकारी, माहिती विश्लेषक. पण हा पैसा येतो प्रकल्पापुरता, आणि प्रकल्प संपला की बहुधा पदही संपतं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, तेव्हापासून कार्यालयातल्या पदांवर ताण वाढला आहे.

म्हणून संस्थेत जाताना पगाराच्या आकड्याआधी हे विचारा: या पदाचा निधी किती वर्षांचा आहे, तो संपल्यावर आधीच्या माणसांचं काय झालं, आणि पीएफ कापला जातो का. वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफचा कायदा लागू होतो, आणि सेवाभावी संस्था असली म्हणून तो टळत नाही. हे विचारायला संकोच वाटून घेऊ नका. चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही.

दिवसभर करायचं काय

निवड खरी इथे होते, आणि नेमका हाच भाग कोणी नीट विचारत नाही.

कंपनीत पहिलं वर्ष प्रशिक्षणात, काही काळ बेंचवर (प्रकल्प मिळण्याची वाट पाहत) आणि मग कुठल्याशा परदेशी ग्राहकाच्या प्रणालीतल्या तक्रारी सोडवण्यात जातं. तुमच्या कामाचा कोणाला काय उपयोग झाला ते कळत नाही. तरी कंपनीतल्या कामाला अर्थच नसतो, असं मी म्हणणार नाही. पासपोर्ट सेवा टीसीएसने उभी केली आणि जीएसटीचं पोर्टल इन्फोसिसने. कोट्यवधी लोकांचं काम त्यावर चालतं. अडचण आहे ती निवडीची: असा प्रकल्प तुमच्या वाट्याला येईल की नाही हे तुमच्या हातात नसतं. दुसरीकडे, शिस्त, दस्तावेज, वेळेत काम पूर्ण करण्याची सवय आणि चुका शोधण्याची पद्धत तिथे पक्की होते. पुढे गावात काम करताना हे सगळं उपयोगी पडतं.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत हे आधी त्यांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, असं कळल्यावर दवाखाना गोंड गावातल्या झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. असं काही ऐकलं की तिथे जावंसं वाटतंच, आणि वाटायलाच हवं. पण त्यामागचा रोजचा दिवस कसा असतो? घरोघरी नवजात बाळांची वजनं घ्यायची, नोंदी तपासायच्या, आरोग्यदूत बायांचं प्रशिक्षण पुन्हा पुन्हा करायचं, तक्ते जुळवायचे. घरोघरच्या नवजात बालसेवेमुळे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले हा ‘लॅन्सेट’मधला १९९९ चा निष्कर्ष अशाच कंटाळवाण्या नोंदींवर उभा आहे. आणि ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली जायला २०११ उजाडलं.

हे पचवता येईल का, हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा प्रश्न आहे. दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये तुम्हाला बारा वर्षांनी मिळणारा परिणाम दिसणार नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क (गावाच्या जंगलावर गावाचा हक्क) मिळाला २००९ मध्ये, पण तिथल्या ग्रामसभेचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चाललेलं होतं. कंपनीतल्या कंटाळ्यावर उपाय म्हणून जो गावात जातो, तो सहा महिन्यांत तिथेही कंटाळतो. त्यात भाषा नवी, कारण धानोरा-भामरागडकडे मराठीवर भागत नाही आणि गोंडी किंवा माडिया शिकावी लागते. त्यात नेटवर्क जातं-येतं आणि लग्नाच्या बैठकीत ‘पोट्टं नेमकं करते काय’ याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मुलींना घरून परवानगी मिळवणं हे तर वेगळंच काम. आईवडिलांना एकदा सोबत नेऊन जागा दाखवली की त्यांचा निम्मा विरोध तिथेच मावळतो.

डॉक्टर होणाऱ्यांना या बाबतीत एक सोय आपोआप मिळते. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी महाविद्यालयांतून एमबीबीएस झालेल्यांना शासकीय सेवेचं एक वर्ष बंधपत्राने द्यावंच लागतं. त्या वर्षाचा काही जण मनापासून उपयोग करतात आणि स्वतःला पारखून घेतात. इंजिनिअर आणि कॉमर्सवाल्यांना असं वर्ष स्वतःच ठरवून काढावं लागतं. बंग दांपत्याने २००६ साली सुरू केलेल्या ‘निर्माण’ या तरुणांसाठीच्या उपक्रमाची शिबिरं त्यासाठी चांगली. नोकरी न सोडता, काही दिवसांच्या शिबिरात आपला कल तपासता येतो.

आणि एमपीएससी?

बर्डीपासून नंदनवनपर्यंतच्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या अनेकांचा हेतूही लोकांसाठी काम करण्याचाच असतो, त्यावर मला शंका नाही. उपजिल्हाधिकाऱ्याची वेतनश्रेणी ५६,१०० पासून सुरू होते आणि एका सहीने जे होतं ते संस्थेला वर्षभर खपून होत नाही. पण तुलनेत एक गोष्ट विसरू नका: खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ असल्याने थांबायचं कधी हे आयोग तुम्हाला सांगत नाही. ते तुम्हीच लिहून ठेवायचं.

ज्यांना सरकारी यंत्रणा आतून बघायची आहे, त्यांनी आधी मुख्यमंत्री फेलोशिपकडे पाहावं. साठेक जागा, एका वर्षाचा काळ, वय २१ ते २६. पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे मिहानमधलं एक वर्ष इथेही कामाला येतं.

मग कोणी काय घ्यावं

शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता तुमच्यावर असेल किंवा घरात कमावणारं दुसरं कोणी नसेल, तर मिहान घ्या, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. फक्त पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी करा: पगार वाढेल तसा खर्च वाढवू नका आणि वर्षातून एक आठवडा तरी आनंदवन, सेवाग्राम किंवा ‘सर्च’च्या शोधग्रामला काढा. दोन वर्षांनी ओढ तेवढीच राहिली असेल, तर ती खरी.

घरचा भार नाही आणि तुम्ही याआधी वस्तीत मुलांना शिकवलं आहे, एनएसएसच्या शिबिरानंतरही त्या गावाशी संबंध ठेवला आहे, तर थेट जा. तुमच्यासाठी कंपनीतली दोन वर्षं ‘अनुभव’ म्हणून घालवणं मला पटत नाही. कारण पंचवीस-सव्वीसनंतर घरच्या अपेक्षा आणि सवयी दोन्ही वाढतात, आणि ते पाऊल दर वर्षी अवघड होतं.

कोणत्या प्रश्नावर काम करायचं हेच अजून कळत नसेल, तर कंपनीतच राहा, पण सीएसआरच्या चमूशी ओळख वाढवा. त्यांच्यासोबत गावभेटी करा. कोणत्या संस्थांचं काम पक्कं आहे आणि कोणत्या फक्त अहवाल छान लिहितात, हे तिथे फार लवकर कळतं.

बाहेर पडायचं ठरलं, तर तारखा आधी जुळवून घ्या. मोठ्या आयटी कंपन्यांचा नोटीस पीरियड साधारण ९० दिवसांचा असतो आणि फेलोशिपची निवड झाल्यावर रुजू व्हायला बहुधा तेवढा वेळ मिळत नाही. ऑफर लेटरमधली प्रशिक्षण-कराराची अटही वाचा, कारण ठरावीक काळाआधी सोडलं तर काही कंपन्या रक्कम भरायला सांगतात. अर्ज भरतानाच संस्थेला नोटीसचे दिवस कळवा आणि रुजू होण्याची तारीख लेखी मागून घ्या.